पाहुण्याआधी यजमानाची चौकशी

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा संगणक. लॅपटॉपवर विंडोज असते, त्या विंडोजच्या एका चौकटीत उबंटू लिनक्स सुरू होते, आणि त्या लिनक्सला प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क सगळे आपल्याच मालकीचे वाटते. बाहेरच्या खऱ्या यंत्राला होस्ट म्हणजे यजमान म्हणतात आणि आतल्याला गेस्ट म्हणजे पाहुणा. दोघांच्या मध्ये राहून सारी व्यवस्था पाहणारे सॉफ्टवेअर म्हणजे हायपरवायझर. व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर, हायपर-व्ही आणि केव्हीएम ही त्यातली रोज कानावर पडणारी नावे. पाहुण्याची बडदास्त नीट ठेवायची तर यजमानाच्या प्रोसेसरमध्येच त्याची खास सोय असावी लागते. ही सोय आहे का, असली तर चालू आहे का, आणि चालू असली तर मोकळी आहे का, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. त्यांची गल्लत झाली की चांगला लॅपटॉप निकामी ठरतो.

बेळगावात हे प्रश्न पुस्तकापुरते राहत नाहीत. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ 1998 मध्ये स्थापन झाले, त्याचे मुख्यालय येथे, मच्छेतल्या ज्ञानसंगम परिसरात आहे आणि कर्नाटकातली दोनशेहून अधिक महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात क्लाउड कम्प्युटिंग आहे, आणि क्लाउडचा पाया व्हर्च्युअल मशीन. उद्यमबागेतल्या गोगटे इन्स्टिट्यूटसारख्या 1979 पासूनच्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा एक वेळ सुसज्ज असेल, पण सरावाचा खरा वेळ घरी जातो. कॅम्प, टिळकवाडी, शहापूर किंवा थेट निपाणीहून येणाऱ्या मुलाच्या हातातला लॅपटॉप मोठ्या भावाचा असतो, नाहीतर सेकंडहँड घेतलेला. व्हर्च्युअलबॉक्स बसवून नवीन मशीन करायला घ्यावे, तर त्याच्या बऱ्याच आवृत्त्यांत यादीमध्ये फक्त 32-बिट नावे दिसतात. 64-बिट उबंटूचा पत्ताच नसतो. मग कोणीतरी जाणकार सांगतो, ‘यंत्र जुने झाले, नवीन घ्या.’ हा निकाल बहुधा घाईचा असतो.

सोय प्रोसेसरमध्येच का लागते, याचे उत्तर थोडे मागे जाऊन शोधावे लागते. मोठ्या संगणकांवर व्हर्च्युअल मशीन ही गोष्ट नवी नव्हती. आयबीएमने 1972 मध्येच व्हीएम/370 बाजारात आणले होते. 1974 मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी एखाद्या यंत्रावर अशी पोटयंत्रे चोख चालवण्यासाठी काय लागते, याची अट नेमक्या शब्दांत मांडली. यंत्राच्या मूळ व्यवस्थेला हात घालणारी प्रत्येक आज्ञा, ती देण्याचा अधिकार नसलेल्याने दिली, तर अडली पाहिजे. अडली की हायपरवायझर पुढे येतो, पाहुण्याला हवे तेवढे दाखवतो आणि काम पुढे जाते.

घराघरांत पोहोचलेल्या इंटेल जातीच्या प्रोसेसरमध्ये नेमकी हीच अट मोडत होती. रॉबिन आणि आयर्विन या संशोधकांनी 2000 मध्ये पेंटियमच्या सुमारे अडीचशे आज्ञा तपासल्या, तेव्हा अशा अट मोडणाऱ्या 17 आज्ञा निघाल्या. त्यातली ‘पॉपएफ’ ही आज्ञा जवळून पाहण्यासारखी आहे. कीबोर्ड, घड्याळ, नेटवर्क यांनी मध्येच हाक मारली तर ती ऐकायची की नाही, हे ठरवणारी एक खूण प्रोसेसरमध्ये असते आणि पॉपएफ ती बदलू शकते. अधिकार नसलेल्या प्रोग्रॅमने ही आज्ञा दिली तर प्रोसेसर ती अडवत नाही आणि तक्रारही करत नाही. तेवढा बदल तो गुपचूप गाळतो आणि पुढे चालू लागतो. हायपरवायझरखाली कमी अधिकारात चालणाऱ्या पाहुण्या लिनक्सला वाटते, आपण हाका बंद केल्या. प्रत्यक्षात काहीच झालेले नसते आणि हायपरवायझरला त्याची खबरही नसते. चूक आरडाओरडा करत नाही, म्हणून ती सापडतही नाही.

यावर 1998 मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने उपाय काढला तो दुभाष्याचा. पाहुण्याच्या गाभ्यातल्या, म्हणजे कर्नेलमधल्या, आज्ञा तशाच प्रोसेसरकडे न पाठवता आधी वाचायच्या, धोक्याच्या आज्ञांच्या जागी सुरक्षित आज्ञा घालायच्या आणि मग चालवायच्या. 1999 मध्ये आलेले व्हीएमवेअर वर्कस्टेशन याच तंत्रावर उभे होते. बेळगावकराला ही रीत समजावून सांगावी लागत नाही. शेतीचा उतारा कन्नडमध्ये हातात पडतो, आणि घरात ती लिपी येणारे कोणी नसले की शेजारच्याला बोलावून ओळ न् ओळ समजून घ्यावी लागते. काम होते, पण प्रत्येक ओळीला मधला माणूस लागतो. ज्याला दोन्ही भाषा येतात तो उतारा हातात घेऊन सरळ वाचतो.

प्रोसेसरला ती दुसरी भाषा शिकवली गेली ती 2005-06 मध्ये. इंटेलने नोव्हेंबर 2005 मध्ये पेंटियम 4 च्या 662 आणि 672 या दोन नमुन्यांतून व्हीटी-एक्स आणले, तर एएमडीने मे 2006 मध्ये एएमडी-व्ही. पाहुण्यासाठी प्रोसेसरमध्येच एक वेगळी अवस्था तयार झाली. त्या अवस्थेत पाहुण्याचा गाभा पूर्ण अधिकाराने वावरतो, मात्र मोक्याची गोष्ट करायला गेला की प्रोसेसर स्वतःच थांबतो आणि ताबा हायपरवायझरकडे देतो. सुरुवातीचे हे थांबे इतके महाग होते की जुना दुभाषा काही कामांत नव्या सोयीपेक्षा वेगवान ठरे. व्हीएमवेअरच्याच दोन अभियंत्यांनी 2006 मध्ये तसे मोजून दाखवले. पुढच्या पिढ्यांत हे थांबे स्वस्त झाले. या सोयीवरच बांधलेला केव्हीएम फेब्रुवारी 2007 मध्ये लिनक्सच्या 2.6.20 या आवृत्तीत सामील झाला. तो दुभाष्याच्या वाटेला गेलाच नाही. प्रोसेसरमध्ये सोय नसेल तर तो सुरू होत नाही. व्हर्च्युअलबॉक्सनेही डिसेंबर 2019 च्या 6.1 आवृत्तीत दुभाष्याला निरोप दिला.

यादीत फक्त 32-बिट नावे दिसण्याचे कारणही इथेच सापडते. दुभाषा स्वतः पाहुण्याच्याच मेमरीच्या एका कोपऱ्यात राहत असे, आणि तो कोपरा सुरक्षित ठेवण्यासाठी प्रोसेसरमधल्या सेगमेंट नावाच्या जुन्या कुंपणाचा उपयोग करी. 64-बिट पद्धतीत ते कुंपण काढून टाकले गेले आणि दुभाष्याला राहायला जागा उरली नाही. म्हणून इंटेलच्या प्रोसेसरवर 64-बिट पाहुण्याला व्हीटी-एक्स अनिवार्य झाले. 64-बिट नावे नाहीशी होणे हे लॅपटॉप म्हातारा झाल्याचे लक्षण नसून ‘मला व्हीटी-एक्स सापडले नाही’ असे व्हर्च्युअलबॉक्सचे सांगणे आहे. का सापडले नाही, ते मात्र तो तिथे सांगत नाही.

आता पहिला प्रश्न, सोय आहे का? याचे उत्तर प्रोसेसर स्वतः देतो. ‘सीपीयूआयडी’ नावाची एक आज्ञा आहे. ती दिली की प्रोसेसर आपली कंपनी, पिढी आणि अंगची कौशल्ये एकेका बिटमध्ये लिहून देतो. बिट 1 असेल तर ते कौशल्य आहे, 0 असेल तर नाही. इंटेलमध्ये या उत्तराच्या पहिल्या पानावर ‘ईसीएक्स’ या खणातला पाचव्या क्रमांकाचा बिट व्हीटी-एक्ससाठी राखलेला आहे. एएमडीमध्ये विस्तारित पानावर त्याच खणातला दुसऱ्या क्रमांकाचा बिट. मोजणी शून्यापासून करायची. तपासणारे प्रत्येक सॉफ्टवेअर, मग त्याचा पडदा कितीही रंगीत असो, शेवटी हाच बिट वाचते.

खोक्यावरचे नाव वाचून भागत नाही, हे ठासून सांगण्यासारखे आहे. कोअर 2 च्या काळात इंटेलने ही सोय काही नमुन्यांना दिली आणि काहींना नाही. कोअर 2 क्वाड क्यू8200 हा चार गाभ्यांचा, म्हणजे चार कोअरचा, प्रोसेसर होता, पण त्यात व्हीटी-एक्स नव्हते. त्याहून गोंधळाची गोष्ट म्हणजे ई7400 आणि ई7500 या नमुन्यांचे सोय असलेले आणि नसलेले असे दोन्ही प्रकार निघाले. फरक होता तो धातूच्या झाकणावर कोरलेल्या बारीक सांकेतिक अंकात. नाव तेच, वेग तोच, आत मात्र एकाला दुसरी भाषा येते आणि दुसऱ्याला येत नाही. पुढे कोअर आय मालिकेत ही सोय जवळजवळ सगळीकडे आली, त्यामुळे गेल्या दहा वर्षांतल्या लॅपटॉपबाबत पहिल्या प्रश्नाचे उत्तर सहसा ‘आहे’ असेच येते. आणि म्हणूनच घोडे पेंड खाते ते दुसऱ्या प्रश्नावर.

सोय असूनही ती बंद असू शकते. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ‘3ए’ क्रमांकाचा एक खास रजिस्टर असतो. त्यातला एक बिट व्हीटी-एक्स चालू ठेवतो आणि दुसरा त्या रजिस्टरलाच कुलूप लावतो. संगणक सुरू होताना बायोस, म्हणजे यंत्र जागे करणारे मूळ सॉफ्टवेअर, हे दोन्ही बिट लिहितो. सोय बंद ठेवून बायोसने कुलूप लावले की विंडोज असो वा लिनक्स, कोणालाही ती उघडता येत नाही. यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत कुलूप निघत नाही. सीपीयूआयडी मात्र तेव्हाही ‘सोय आहे’ असेच सांगत राहते, कारण तिला विचारले होते ते कौशल्याबद्दल, परवानगीबद्दल नव्हे.

बंद ठेवण्यामागे भीती होती. ऑगस्ट 2006 मध्ये सुरक्षा संशोधक जोआना रुटकोव्स्का यांनी ‘ब्लू पिल’ नावाचे प्रात्यक्षिक दाखवले. एएमडीच्या नव्या सोयीचा आधार घेऊन एक घातकी प्रोग्रॅम चालू संगणकाच्या खाली गुपचूप सरकतो, आणि संपूर्ण विंडोज त्याचा पाहुणा होऊन बसते, असे ते प्रात्यक्षिक होते. सामान्य ग्राहकाला ही सोय लागते कुठे, मग दार बंदच बरे, असा हिशेब अनेक लॅपटॉप उत्पादकांनी केला. काहींनी तर बायोसमध्ये ती चालू करण्याचा पर्यायच ठेवला नाही. 2009 मध्ये विंडोज 7 बरोबर ‘एक्सपी मोड’ आला, तेव्हा याची झळ बसली. जुन्या एक्सपीवर चालणारे हिशेबाचे किंवा यंत्राचे सॉफ्टवेअर नव्या विंडोजच्या पोटात चालावे, यासाठी तो होता. पण त्याला प्रोसेसरची सोय लागे, आणि ती असूनही बंद असलेले लॅपटॉप घेऊन लोक अडकले. मार्च 2010 मध्ये मायक्रोसॉफ्टने ही अटच काढून टाकली. एखाद्या कारखान्यात जुन्या यंत्राचे सॉफ्टवेअर एक्सपीच्या पुढे जायला तयार नसते, अशा ठिकाणी व्हर्च्युअल मशीन हा आजही कामाला येणारा तोडगा आहे.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी करून दाखवणारे साधन विंडोजमध्ये आधीपासूनच आहे. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या चौकटीत इंग्रजीत ‘सिस्टिमइन्फो’ असे सलग लिहून एंटर दाबायचे. यंत्राची बरीच माहिती सरकत जाते आणि अगदी तळाशी हायपर-व्हीच्या गरजांच्या चार ओळी उरतात. पहिली ‘व्हीएम मॉनिटर मोड एक्स्टेन्शन्स’, म्हणजे प्रोसेसरमध्ये सोय आहे का. दुसरी ‘व्हर्च्युअलायझेशन एनेबल्ड इन फर्मवेअर’, म्हणजे बायोसने ती चालू ठेवली आहे का. पहिलीपुढे ‘येस’ आणि दुसरीपुढे ‘नो’ दिसले, तर नवीन लॅपटॉपसाठी बापाच्या खिशात हात घालण्याचे कारण नाही. बायोसमध्ये जाऊन एक नोंद बदलली की काम होते.

ती नोंद वेगवेगळ्या नावांनी लपलेली असते. इंटेलच्या यंत्रात ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ किंवा ‘व्हीटी-एक्स’, एएमडीच्या यंत्रात ‘एसव्हीएम मोड’, आणि काही जुन्या बोर्डांवर ‘व्हँडरपूल’ असे इंटेलचे मूळ सांकेतिक नाव. यंत्र सुरू होताना डेलवर एफ2, एचपीवर एफ10, थिंकपॅडवर एफ1 दाबल्यास बायोस उघडतो. बदल जतन केल्यावर नुसते रीस्टार्ट करण्यापेक्षा यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे; काही बोर्डांवर कुलूप त्याशिवाय निघत नाही. विंडोजची डिस्क बिटलॉकरने बंदिस्त असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवावी. बायोसमधल्या बदलानंतर ती मागितली जाऊ शकते, आणि ती जवळ नसेल तर सगळी माहिती अडकून बसते.

लिनक्सवर हीच तपासणी ‘प्रॉक’ फोल्डरमधल्या ‘सीपीयूइन्फो’ फाइलमध्ये होते. तिच्या ‘फ्लॅग्ज’ या लांबलचक ओळीत इंटेलसाठी ‘व्हीएमएक्स’ आणि एएमडीसाठी ‘एसव्हीएम’ हा शब्द शोधायचा. हा शब्द किती ओळींत आहे ते मोजणारी आज्ञा विद्यार्थ्यांत तोंडपाठ असते, आणि आलेला आकडा म्हणजे गाभ्यांची संख्या असे मानले जाते. नव्या लिनक्समध्ये इंटेलच्या यंत्रावर हा आकडा दुप्पट येतो, कारण प्रत्येक गाभ्यासाठी ‘व्हीएमएक्स फ्लॅग्ज’ अशी आणखी एक ओळ छापली जाऊ लागली. आकड्यात तसा काही अर्थ नाही. शून्य आहे की नाही एवढेच पाहायचे.

पण शून्याचा अर्थही काळानुसार बदलला आहे. जुन्या लिनक्समध्ये बायोसने सोय बंद ठेवली तरी व्हीएमएक्स हा शब्द दिसत राहायचा, आणि केव्हीएम सुरू होताना ‘डिसेबल्ड बाय बायोस’ असा संदेश द्यायचा. मार्च 2020 च्या 5.6 आवृत्तीपासून बायोसने बंद केलेली सोय लिनक्स त्या यादीतूनच काढून टाकते. म्हणजे आज इंटेलच्या यंत्रावर शून्य आले तर सोय मुळात नाही, किंवा आहे पण बंद आहे, असे दोन्ही संभवते. दोन्हींतला फरक सुरुवातीच्या संदेशांच्या नोंदीत कळतो. नवशिक्याने उबंटूवर ‘सीपीयू-चेकर’ हे पॅकेज बसवून ‘केव्हीएम-ओके’ ही आज्ञा चालवावी. ती एका वाक्यात निकाल देते. सगळे नीट असेल तर ‘डेव्ह’ फोल्डरमध्ये ‘केव्हीएम’ नावाची फाइल हजर असते.

तिसरा प्रश्न तुलनेने नवा आहे, आणि आजच्या घडीला सर्वांत जास्त फसवतो. सोय आहे, चालूही आहे, पण तिच्यावर आधीच कोणीतरी बसले आहे. नव्याने बसवलेले विंडोज 11 सुसंगत यंत्रांवर ‘मेमरी इंटेग्रिटी’ हे संरक्षण स्वतःहून चालू ठेवते, आणि ते हायपर-व्हीच्याच हायपरवायझरवर उभे असते. विंडोजमध्ये लिनक्स चालवणारे डब्ल्यूएसएल 2 देखील त्यावरच चालते. यातले एखादे चालू असले की डोळ्यांसमोरचे विंडोज हायपरवायझरच्या वर बसलेले असते, आणि व्हीटी-एक्सची किल्ली हायपर-व्हीच्या कमरेला असते. मग व्हर्च्युअलबॉक्स त्याच्या परवानगीने, वळसा घेऊन चालतो आणि खालच्या पट्टीत हिरव्या कासवाचे चित्र दाखवतो. ते कासव दिसले की मंदपणाचे कारण मेमरीत किंवा डिस्कमध्ये शोधत बसू नये.

या अवस्थेत तपासणीची साधनेच चकवतात. सिस्टिमइन्फोच्या त्या चार ओळी गायब होतात आणि त्या जागी ‘हायपरवायझर आढळला आहे, गरजा दाखवल्या जाणार नाहीत’ अशा अर्थाचे एकच वाक्य येते. घाबरलेला विद्यार्थी ते नकार म्हणून वाचतो. ते वाक्य म्हणजे तिहेरी होकार आहे: सोय आहे, चालू आहे, वापरातही आहे. ‘कोअरइन्फो’ हे मायक्रोसॉफ्टचे साधन तर अशा वेळी व्हीएमएक्सपुढे चक्क नसल्याची आडवी रेघ काढते, कारण हायपर-व्ही ती सोय वरच्या विंडोजला दाखवतच नाही. टास्क मॅनेजरचा परफॉर्मन्स विभाग उघडून सीपीयूच्या आलेखाखालची ‘व्हर्च्युअलायझेशन’ ही ओळ पाहावी. तिथे ‘एनेबल्ड’ असेल तर हार्डवेअरचा दोष नाही. यावर उपाय म्हणून अनेकजण मेमरी इंटेग्रिटी बंद करायला सांगतात. ज्या यंत्रावर घरचे बँकेचे व्यवहार होतात तिथे ते करू नये. व्हर्च्युअलबॉक्सऐवजी हायपर-व्ही किंवा डब्ल्यूएसएल 2 मध्येच अभ्यास उरकणे शहाणपणाचे.

आतून पाहणाऱ्या पाहुण्यालाही सीपीयूआयडी हीच आज्ञा उपयोगी पडते. तिच्या उत्तराच्या पहिल्या पानावर ईसीएक्स खणातला 31 वा बिट खऱ्या प्रोसेसरवर नेहमी 0 असतो आणि हायपरवायझर तो 1 करतो. पुढच्या एका राखीव पानावर हायपरवायझर आपली बारा अक्षरांची सही ठेवतो. तिच्यावरून लिनक्सला कळते की आपण केव्हीएमच्या घरी उतरलो आहोत की व्हीएमवेअरच्या. क्लाउडवर भाड्याने घेतलेले यंत्र स्वतःच पाहुणे असते, म्हणून तिथे व्हीएमएक्स सहसा दिसत नाही. पाहुण्याच्या घरी आणखी पाहुणा ठेवायचा तर वरच्या यजमानाने तशी मुभा द्यावी लागते.

मूळ सोयीखेरीज आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पाहुण्याच्या मेमरीचे पत्ते खऱ्या पत्त्यांत बदलण्याचे काम प्रोसेसरनेच करणे, याला इंटेल ईपीटी म्हणते. एएमडीने ते 2007 मध्ये आणले आणि इंटेलने 2008 मध्ये. विंडोज 8 पासून हायपर-व्हीला ते अनिवार्य आहे आणि सिस्टिमइन्फोची तिसरी ओळ त्याचीच. दुसरी व्हीटी-डी, ग्राफिक्स कार्डासारखे खरे उपकरण थेट पाहुण्याच्या हाती द्यायचे असेल तरच ती लागते. साध्या सरावाला तिची गरज नाही, त्यामुळे बायोसमध्ये व्हीटी-डी बंद दिसली म्हणून काळजी करू नये. अॅपलच्या एम1 आणि पुढच्या यंत्रांत व्हर्च्युअल मशीनची सोय आहेच, पण तो आर्म जातीचा प्रोसेसर. इंटेलसाठी बनवलेले विंडोज किंवा लिनक्स त्यावर या वाटेने चालत नाही.

सेकंडहँड लॅपटॉप घेताना पैसे मोजण्याआधी दुकानातच सिस्टिमइन्फो चालवून त्या शेवटच्या ओळी वाचाव्यात. पहिली आणि तिसरी ‘येस’, दुसरी ‘नो’ असेल तर दुकानदारालाच बायोस उघडून ती नोंद चालू करून दाखवायला सांगावे. बायोसला आधीच्या मालकाचा पासवर्ड असेल आणि तो काढून मिळत नसेल, तर व्हर्च्युअल मशीनसाठी तो लॅपटॉप घेऊ नये.